ठोकताळे कुठे फसवतात? निर्णय घेताना आणि बिघाड शोधताना या चुका टाळा

घरचं इंटरनेट बंद पडलं की मी राउटर बंद करून पुन्हा चालू करतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. परवा भागलं नाही. मग पुन्हा बंद-चालू केला, थोडं थांबून पुन्हा. सेवा देणाऱ्या कंपनीच्या नावाने मनसोक्त बोटं मोडून झाली. तासाभराने पडलेलं पेन उचलायला वाकलो, तर टेबलाच्या पायाखाली केबल चेपलेली. सकाळी टेबल मीच सरकवलं होतं.

आता, राउटर बंद-चालू करणं ही चूक नव्हती. कमी कष्टाचा, अनेकदा लागू पडणारा उपाय आधी करून पाहणं हा चांगलाच ठोकताळा आहे. चूक दुसऱ्या खेपेपासून सुरू झाली.

जुना उपाय सोडवत नाही

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये यावर एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. तीन भांडी आहेत: २१, १२७ आणि ३ मापांची. १०० मापं पाणी मोजून द्यायचं. मोठं भांडं भरा, त्यातून २१ काढा, मग दोनदा ३ काढा. झालं. याच युक्तीने सुटणारी पाच गणितं लागोपाठ दिली आणि मग विचारलं: भांडी २३, ४९ आणि ३ मापांची, हवं २० माप पाणी. बहुतेकांनी ४९ मधून २३ आणि दोनदा ३ वजा केले. उत्तर बरोबर आलं, पण २३ मधून ३ काढले की काम होतं हे त्यांना दिसलंच नाही. ज्यांना आधीची गणितं दिली नव्हती, त्यांना ते सहज दिसलं.

म्हणून माझा नियम: एक उपाय दोनदा फसला की हात थांबवायचा आणि स्वतःला विचारायचं, ‘हे शेवटचं नीट चालू होतं, तेव्हापासून काय बदललं?’ हा प्रश्न मी वेळेत विचारला असता तर टेबल लगेच आठवलं असतं.

आपल्याच अंदाजाला पुरावे गोळा करणं

२, ४, ६ हे आकडे एका नियमाने लिहिलेत. तुम्ही तुमचे तीन-तीन आकडे सांगा, ते नियमात बसतात का एवढं मी सांगेन, त्यावरून नियम ओळखा. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचं हे १९६० मधलं कोडं. लोक ८, १०, १२ सांगतात, होकार मिळतो. मग २०, २२, २४. पुन्हा होकार. ‘दोन-दोनने वाढणारे’, असं ते छातीठोकपणे जाहीर करतात. नियम इतकाच असतो की आकडे चढते हवेत. १, २, ५० असं एकदा विचारलं असतं तरी अंदाज कोसळला असता.

बिघाड शोधताना हेच होतं. ‘बॅटरीच गेली असणार’ असं एकदा डोक्यात बसलं की प्रत्येक लक्षण बॅटरीकडे बोट दाखवायला लागतं. नवी विकत घेण्याआधी, बॅटरी ठीक असेल तर काय दिसायला हवं, ते तपासा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सेटिंगही बदललं, केबलही बदलली आणि यंत्र सुरू झालं, तर दोष कशात होता हे कळायचा मार्गच बंद होतो. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

कानावर पडलेला पहिला आकडा

आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांसमोर आकड्यांचं एक चाक फिरवलं. चाक मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं होतं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? १० पाहणाऱ्यांचा मध्यक (म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) अंदाज २५ निघाला, ६५ पाहणाऱ्यांचा ४५. चाकाचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता! घासाघीस असो की एखाद्या कामाला किती दिवस लागतील हा प्रश्न, समोरचा बोलण्याआधी आपला अंदाज कागदावर लिहून ठेवा. ऐकल्यानंतर ‘मी प्रभावित होणार नाही’ असं ठरवून फारसं काही साधत नाही.

आधीच वेळ-पैसा घातलाय म्हणून रेटत राहणं हीसुद्धा नेहमीची चूक. तिथे एकच प्रश्न पुरतो: आज हे नव्याने हाती घेतलं असतं का?

सगळंच तपासत बसणं

वरचं वाचून प्रत्येक गोष्टीचा कीस काढायला लागलात, तर ती उलट दिशेची चूक. हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की माणसाकडे वेळ, माहिती आणि डोकं मर्यादित आहे, त्यामुळे तो सर्वोत्तम शोधत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो. मला हे शहाणपणाचं वाटतं. हेडफोन निवडायला मी एकदा तीन आठवडे घालवले आणि शेवटी घेतले ते पहिल्याच दिवशी पाहिलेले. आता तीन अटी आधी लिहितो आणि त्यांत बसणारी पहिली वस्तू घेतो. अटी मात्र वस्तू पाहण्याआधी लिहाव्या लागतात. एखादी वस्तू आवडून गेल्यावर लिहिलेल्या अटी हमखास तिच्याच मापाच्या निघतात.