घोणस हाताळायला शिकताना

नागपुरात सर्पमित्राचं काम शिकणाऱ्याला नाग लवकर समजतो. फणा काढून तो आपली हद्द दाखवतो. घोणस मात्र विटांच्या थप्पीशेजारी वेटोळं करून पडून राहते, म्हणून लोक तिला सुस्त समजतात. नव्या माणसाचा घात इथेच होतो, कारण तिचा झटका डोळ्यांना दिसण्याआधीच येऊन गेलेला असतो. कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार ऐकू आला तर जागीच थांबा.

हिंगणा, बुटीबोरीकडून 'अजगराचं पिल्लू' म्हणून फोन येतात. पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा दिसल्या तर ती घोणस समजा. अजगराचे डाग वेडेवाकडे असतात. बिनविषारी दुरक्या घोणसही फसवते, पण तिची शेपटी अगदी आखूड असते.

शेपटीला धरून उचलू नका, मान तर अजिबात दाबू नका. दात इतके लांब असतात की खालच्या जबड्यातून आरपार येऊन बोटाला लागू शकतात. चार इंची पीव्हीसी पाइपच्या एका टोकाला जाड कापडी पिशवी घट्ट बांधा आणि दुसरं तोंड सापापुढे भिंतीलगत ठेवा. सव्वा मीटरच्या हुकने मागून हळूच स्पर्श करा. अंधारी जागा दिसली की ती बहुधा स्वतःहून आत शिरते. घाई केली तर मागे वळते. आत गेल्यावर पिशवीला पीळ द्या, पिळाखाली हुक दाबा आणि गाठ त्याच्या वर मारा. कापडातूनही दात लागतात, म्हणून पिशवी झाकणाच्या, भोकं पाडलेल्या बादलीत ठेवा. मे महिन्यात ती गाडीच्या डिक्कीत ठेवली तर साप तासाभरातही मरू शकतो. फुगलेल्या मादीला जास्तच जपा, कारण ती अंडी घालत नाही, एका वेळी वीस-चाळीस जिवंत पिल्लं देते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोणस संरक्षित आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय हे काम करू नका, आणि प्रत्येक साप त्यांच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.

दंश झालाच तर आवळपट्टी नको, चिरा नको, थेट मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा. तिथे दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नंतर नळी कलती केल्यावर रक्त पातळच वाहिलं तर विषानं गोठण्याची क्रिया बिघडवली आहे. नळी साबणाने धुतलेली असेल तर रक्त विनाकारण गोठत नाही, म्हणून नळी नवीच हवी. प्रतिविष सहसा दहा कुप्यांनी सुरू होतं आणि सहा तासांनी पुन्हा चाचणी होते. लघवी कमी किंवा तांबूस झाली तर डॉक्टरांना लगेच सांगा, हे विष मूत्रपिंडावर घाला घालतं.