क्लिनिकल न्यूट्रिशनमध्ये एमएससी करताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक अॅडमिशनच्या वेळीच होते. कॉलेजचं नाव बघतात, फी बघतात, पण हॉस्पिटलची पोस्टिंग किती आणि कुठे हे कोणी विचारतच नाही. आयसीयू, डायलिसिस, कॅन्सर वॉर्ड यातलं काय बघायला मिळणार, राउंडला उभं राहू देतात की नुसतं किचनमध्ये ट्रे मोजायला लावतात, हे आधी सिनियर मुलींना फोन करून विचारा, माहितीपत्रकात ते लिहिलेलं नसतं.

घरबसल्या डिस्टन्सने करू म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डायटेटिक्ससारखे हेल्थकेअरचे कोर्सेस डिस्टन्स आणि ऑनलाइन शिकवायला बंदी घातलीय, तरी एजंट लोक अजून फोन करतातच. आणि बीएस्सी कशात झालीय तेही बघा. होम सायन्सवाल्यांना फारशी अडचण येत नाही, मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीवाल्यांना काही ठिकाणी घेतात काही ठिकाणी नाही, त्यामुळे फॉर्मचे पैसे भरायच्या आधी पात्रता वाचा.

एमएससी झाली की आपण आपोआप आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन होतो असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही होत. त्यासाठी इंडियन डायटेटिक असोसिएशनची वेगळी परीक्षा असते आणि त्याआधी हॉस्पिटलमधली इंटर्नशिप लागते. कोर्समध्ये ती नसेल तर शेवटच्या सेमिस्टरलाच हॉस्पिटलांच्या डायट डिपार्टमेंटला अर्ज टाकायला लागा, रिझल्टची वाट बघत बसू नका.

आता अभ्यासातलं. वजन कमी करायचे चार्ट बनवायला येतात म्हणून इकडे आलेली मुलं पहिल्या किडनीच्या पेशंटपाशी अडकतात. बीपी आहे ना, मग लो सोडियम मीठ घ्या, असं बिनधास्त सांगून टाकतात! अहो, त्यात बऱ्याचदा सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि किडनी बिघडलेल्या माणसाचं पोटॅशियम वाढलं तर थेट हृदयाचे ठोके बिघडतात. प्रोटीनचंही तेच, डायलिसिस सुरू नसताना ते आवरतं घ्यायला सांगतात आणि सुरू झालं की उलट वाढवावं लागतं, कारण डायलिसिसमध्ये अमिनो अॅसिड्स, म्हणजे प्रोटीनचेच घटक, निघून जातात. एकच छापील चार्ट दोघांना दिला की झालं कल्याण. म्हणून आधी रिपोर्ट वाचायला शिका, चार्ट नंतर. क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारं), पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), आणि अल्ब्युमिन कमी दिसलं की लगेच कुपोषण म्हणू नका, इन्फेक्शन किंवा सूज असली तरी ते खाली येतं.

बरेच दिवस उपाशी असलेल्या पेशंटला राइल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीने, पहिल्याच दिवशी पूर्ण कॅलरी द्यायची घाई तर अजिबात नको. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की रीफीडिंग सिंड्रोम होऊ शकतो, त्यात रक्तातला फॉस्फरस झपकन खाली येतो आणि जीवावर बेतू शकतं. फीड हळूहळू वाढवायचं, रिपोर्ट बघत.

आणि डायट रिकॉल, म्हणजे पेशंटने काय काय खाल्लं ते आठवून सांगितलेली नोंद, घेताना 'दोन भाकरी, एक वाटी वरण' एवढं लिहून पुढे जाऊ नका. भाकरी केवढी, वाटी कोणती, तेल महिन्याला किती आणता आणि घरात माणसं किती, हे विचारा. पेशंटला हे माहीत नसतं, स्वयंपाक करणाऱ्या माणसाला माहीत असतं, त्यांनाच बोलवा.