इंजिन मागे, कूलर पुढे: जुन्या ९११ मध्ये ऑइल लाइन कशी टाकायची

मामांची पोर्शे ९११ आहे १९७४ची, २.७ लिटर, इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, आणि पुढे ऑइल कूलर नव्हता. डिसेंबरात पहाटे सिंहगडावर जाऊन आलात तर काही जाणवत नाही, पण एप्रिलमध्ये दुपारी पुण्याच्या चांदणी चौकात अर्धा तास अडकून मग लगेच घाट चढायला घेतला की ऑइलच्या तापमानाचा काटा १२० अंशाकडे सरकायचा आणि आमचा जीव वरखाली व्हायचा. २.७ची केस, म्हणजे इंजिनची मुख्य बॉडी, मॅग्नेशियमची आहे, ती सारखी तापत राहिली की सिलिंडर हेड धरून ठेवणारे लांब बोल्ट, म्हणजे स्टड, केसमधून आट्यांसकट उपटून येतात, आणि मग पूर्ण इंजिन उघडण्याशिवाय इलाज नाही. पोर्शेने स्वतः १९६९च्या ९११ एसला पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये जास्तीचा कूलर दिला होता, तोच मार्ग आम्ही धरला.

आधी ऑइल फिरतं कसं ते डोक्यात पक्कं बसवा, नाहीतर चुकीची लाइन कापाल. ही ड्राय संप गाडी आहे, म्हणजे ऑइल इंजिनच्या तळाशी साठत नाही, वेगळ्या टाकीत असतं, आणि ही टाकी उजव्या मागच्या चाकाच्या मागे आहे. पंप एकाच शाफ्टवर दोन. एक टाकीतून ऑइल खेचून प्रेशरने बेअरिंगकडे ढकलतो, दुसरा इंजिनच्या तळाशी पडलेलं गरम ऑइल उचलून परत टाकीत टाकतो. पुढचा कूलर या दुसऱ्या, परतीच्या लाइनमध्ये बसतो. प्रेशरच्या लाइनमध्ये नाही, आणि टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या लाइनमध्ये तर अजिबात नाही, तिथे अडथळा आला तर पंपालाच ऑइल कमी पडेल आणि बेअरिंग गेलं समजा. इंजिनवर जो मूळ कूलर आहे तो तसाच राहू द्यायचा, त्याला हातही लावायचा नाही.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे ऑइल तापल्यावरच कूलरचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह. काही जण म्हणतात पुण्यात कशाला हवाय थर्मोस्टॅट, ऊन काय कमी आहे का, सरळ लाइन टाका. मला हे पटत नाही. जानेवारीत सकाळी १०-१२ अंश असतात, ऑइल आधीच जाड, त्यात सहा मीटरचा फेरा मारून पुढे जाऊन आलं तर ते तापणारच नाही, आणि नीट न तापलेल्या ऑइलमधली पाण्याची वाफ उडत नाही, आतल्या आत गाळ होतो. शिवाय थंड जाड ऑइल पंप जेव्हा जोर लावून ढकलतो तेव्हा कूलर फुटू शकतो, कंपनीच्या थर्मोस्टॅटमध्ये यासाठीच प्रेशर वाढलं की उघडणारा बायपास आहे. थर्मोस्टॅट साधारण ८३ अंशाला कूलरचा रस्ता उघडायला लागतो. त्याला चार तोंडं असतात: इंजिनकडून येणारं, टाकीकडे जाणारं, कूलरकडे जाणारं आणि कूलरकडून परत येणारं. बसवायच्या आधी चारही तोंडांवर मार्करने लिहून ठेवा, खाली आडवं पडून काम करताना डावं-उजवं उलटं होतं हे मी अनुभवाने सांगतोय. जागा उजव्या मागच्या चाकाच्या कमानीत, चाकाच्या पुढच्या बाजूला.

जुना थर्मोस्टॅट घेतला असेल तर त्याची बॉडी ॲल्युमिनियमची आणि नट लोखंडी, ते एकमेकांना इतके धरून बसतात की जोर लावला तर नट फिरायच्या ऐवजी बॉडीचे आटे निघून येतात. दोन पाने लागतील, एकाने बॉडी धरायची आणि ३६च्या पान्याने नट. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. तरीही हलला नाही तर नट ग्राइंडरने कापा आणि थर्मोस्टॅट वाचवा, कारण नट-होज परत मिळतात, चांगला थर्मोस्टॅट मिळताना नाकी नऊ येतात.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ते, आटे. पोर्शेची फिटिंग एम ३० बाय १.५ आहे, म्हणजे ३० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटरचा पिच, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. भोसरीत हायड्रॉलिक होज क्रिम्प करून (टोकाला फिटिंग दाबून बसवून) देणाऱ्यांकडे जाऊन "एम तीस द्या" म्हणालात तर ते २२ मिलिमीटर पाइपचं नेहमीचं फिटिंग देतील, आणि ते असतं एम ३० बाय २. सुरुवातीचा एखादा आटा छान लागतो, मग जड जायला लागतं, आणि आपल्याला वाटतं घाण असेल. आमच्या वेळी हेच झालं, सुदैवाने मी थांबलो आणि पिच गेज लावून बघितला, आणखी अर्धा फेरा मारला असता तर आटे गेलेच असते. तसंच बीएसपी आणि जेआयसी या आट्यांच्या दुसऱ्या दोन पद्धती, पाऊण इंची बीएसपीचा बाहेरचा व्यास साधारण २६.४ मिलिमीटर आणि बारा नंबर जेआयसीचा जवळजवळ २७, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे पिच गेज आणि व्हर्नियर खिशात घेऊनच जा, आणि शक्य असेल तर मूळ नट सँपल म्हणून न्या. बरोबरचा ॲडॉप्टर तयार मिळत नसेल तर चांगल्या टर्नरकडून लेथवर करून घेता येतो, फक्त आतला शंकूचा कोन मोजून द्या, कारण सील तिथे होतं, आट्यांवर नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याने गळती थांबत नाही आणि तुकडे ऑइलमध्ये जातात.

होजचं आतलं भोक पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर धरा. बारीक होज वळवायला सोपी म्हणून अर्धा इंची टाकायचा मोह होतो, पण परतीच्या पंपाला मोकळी वाट पाहिजे. दुसरी गोष्ट तापमान. दुकानात जी साधी एक वायरवाली हायड्रॉलिक होज मिळते, तिचं प्रेशर आपल्या गरजेच्या कितीतरी पट असतं पण तापमान १०० अंशापर्यंतच, आणि आपलं ऑइल ११०-१२० ला जातं. पहिलं वर्ष काही होणार नाही, मग रबर आतून कडक होऊन भेगाळतं. म्हणून जास्त तापमानाची रबर होज मागा, किंवा आतून टेफ्लॉन आणि वरून स्टीलची जाळी असलेली घ्या, ती २०० अंशाच्या वर चालते. मात्र टेफ्लॉनवाली घेताना भोक व्हर्नियरने मोजा, तिच्यात नंबर तोच असून भोक लहान असू शकतं. आणि ती एकदा चिमटली की तो तुकडा फेकून द्यायचा, वळण मोठंच ठेवायचं. स्टीलची जाळी जिथे घासेल तिथे करवतीसारखी पत्रा कापते, म्हणून वरून स्लीव्ह चढवाच. तिचा एक फायदा मात्र मोठा आहे, सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर तिला कुरतडू शकत नाहीत.

रस्ता असा: थर्मोस्टॅटपासून उजव्या दाराखालच्या सिलच्या बाहेरच्या बाजूने सरळ पुढे, पुढच्या चाकाच्या कमानीत वर, मग चाकाच्या पुढे कूलरपर्यंत. दोन लाइन, एक जाणारी एक येणारी. सरळ भागात कंपनीसारखा धातूचा पाइप टाकला तर उत्तम, वाऱ्यात राहून तो स्वतःही थोडी उष्णता टाकतो, आणि दोन्ही टोकांना होज. इंजिनच्या टोकाला होज लागतेच कारण इंजिन रबर माउंटिंगवर हलतं, कडक पाइप तिथे तडकेल.

आणि हे माझ्या दृष्टीने अख्ख्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं: माप घ्यायचं ते गाडी चाकांवर उभी असताना. सगळे गाडी लिफ्टवर घेतात, चाकं लोंबत असतात, कमानीत भरपूर जागा दिसते आणि तिथे होज बांधून मोकळे होतात. आम्हीही पहिल्यांदा तसंच केलं. गाडी खाली आणली, दोन माणसं बसवली, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं, तर टायर आणि होजमध्ये बोट जाईना. पार्किंगमध्ये चार फेऱ्या मारून बघितलं तर स्लीव्हवर टायर घासल्याचा चकचकीत पट्टा. रस्त्यावर वेगात असताना ती फाटली असती तर गरम ऑइल थेट पुढच्या टायरवर, घाटात उतरताना ही कल्पना सुद्धा नको वाटते. म्हणून खरी होज कापायच्या आधी बागेला पाणी घालायच्या पाइपचे तुकडे त्या रस्त्याने बांधा, गाडी खाली उतरवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, पुढचा कोपरा माणसांच्या वजनाने दाबा, आणि सगळीकडे किमान दोन बोटं जागा राहते का बघा. तो पाइप मग माप म्हणून होजवाल्याकडे न्या. प्रेशर आल्यावर होज किंचित आखूड होते, म्हणून ताणून माप देऊ नका, थोडी ढील ठेवा.

कोपऱ्याची फिटिंग असेल तर एक टोक क्रिम्प करून घ्या, होज गाडीवर लावा, दुसऱ्या फिटिंगचा कोन खडूने होज आणि फिटिंग दोन्हीवर आखा आणि मग दुसरं टोक क्रिम्प करायला जा. भोसरीला दोन चकरा होतात हे खरंय, पण पिळलेली होज बसवण्यापेक्षा पेट्रोल गेलेलं परवडलं. होजवर लांबीने जी छापील रेघ असते ती सरळ दिसली पाहिजे, ती गोल फिरत गेलेली दिसली म्हणजे होज पिळली आहे आणि नट हळूहळू सैल होणार.

दर २५-३० सेंटीमीटरला रबरवाली क्लिप. पत्र्यातून भोक पाडून जिथे जाताय तिथे रबर ग्रोमेट, आणि कापलेल्या कडेला आधी प्रायमर, नाहीतर दोन पावसाळ्यात तिथून गंज सुरू. ब्रेक पाइप आणि पेट्रोल लाइनला केबल टायने बांधायचं नाही, ऑइल लाइन तापते. लाइन सिलच्या खालच्या कडेपेक्षा खाली लोंबता कामा नये, आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता एक सेंटीमीटर सुद्धा जास्त आहे. जॅक लावायची जागा पिवळ्या रंगाने खूण करून ठेवा आणि पंक्चरवाल्याला स्वतः उभं राहून दाखवा, नाहीतर तो सिलखाली दिसेल तिथे जॅक लावणार आणि पाइप चेपणार. चेपलेला पाइप बाहेरून फारसा कळत पण नाही, तापमान वाढलं की मग शोधत बसा.

कूलर रबर बुशवर बसवा, तोंडं वर ठेवली तर हवा अडकत नाही. आडवा बसवावा लागला तर ऑइल खालून आत आणि वरून बाहेर. पण नुसता कूलर टांगून चालत नाही, हवा आत यायला वाट पाहिजे आणि बाहेर जायलाही. कंपनीने ९११च्या नंतरच्या कॅरेरा मॉडेलात पत्र्यांच्या जाळीचा, रेडिएटरसारखा कूलर दिला आणि १९८७पासून त्याला पंखाही जोडला. पुण्याच्या ट्रॅफिकसाठी मी पंखा लावाच म्हणेन, तापमानाच्या स्विचवर, रिले आणि फ्यूज लावून. गाडी उभी असताना पुढच्या कूलरमधून हवा जातच नाही, आणि आपला अर्धा वेळ सिग्नललाच जातो. पुढून दगडासाठी जाळी लावा. ताम्हिणीला पावसात जाऊन आलात की चिखल पत्र्यांमध्ये बसतो आणि वाळून विटेसारखा होतो, घरी आल्यावर साध्या नळीने मागून पुढे पाणी मारा, प्रेशर वॉशर जवळ नेऊ नका, पत्रे वाकतात. जुना कूलर घेत असाल तर कुठल्या इंजिनचा आहे विचारा, ज्याचं बेअरिंग गेलं होतं त्याचा फुकट दिला तरी नको, आतला धातूचा चुरा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. नवीन लाइन पण रॉकेलने धुवून हवेने फुंकून घ्या आणि जोडेपर्यंत दोन्ही टोकांना टोपण.

ऑइल किती वाढेल याचा हिशोब सोपा आहे. १९ मिलिमीटर भोकाच्या एक मीटर लाइनमध्ये साधारण २८० मिलिलिटर मावतं, सहा मीटरचे झाले पावणेदोन लिटर, वर कूलरमधलं. हे सगळं एकदम टाकीत ओतू नका. आधी नेहमीच्या लेव्हलपर्यंत भरा, इंजिन पेटणार नाही असं इग्निशनचं कनेक्शन काढून ठेवून प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा, मग इंजिन चालू करून गरम होऊ द्या. थर्मोस्टॅट उघडला की पुढची लाइन गरम लागायला लागते आणि टाकीतली लेव्हल एकदम खाली जाते, तेव्हा अर्धा अर्धा लिटर टाकत जा. डिपस्टिक बघायची ती गाडी सपाट जागेवर, इंजिन पूर्ण गरम आणि आयडलवर चालू असतानाच, थंड इंजिनावर बघून भरलं तर हमखास जास्त होतं आणि ते ऑइल टाकीच्या ब्रीदरमधून एअर क्लीनरमध्ये जातं.

काम झाल्यावर प्रत्येक नटवर पेंट मार्करने एक रेघ, नटवरून फिटिंगपर्यंत सलग. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. मग सकाळी लवकर सिंहगडाच्या पार्किंगपर्यंत एक फेरी, परत येऊन गाडी गार झाली की टॉर्च घेऊन खाली झोपा आणि सगळ्या रेघा जुळतात का बघा. एखादी सरकलेली दिसली तर नुसता नट आवळू नका, ती होज कुठे पिळली आहे का ते आधी शोधा.