जुनी होंडा सिटी घेताय? बॉनेट सगळ्यात शेवटी उघडा

सेकंडहँड सिटी बघायला गेलं की ठरलेलं नाटक असतं. गाडीवाला स्टार्टर मारतो, बॉनेट उघडतो आणि म्हणतो "दादा, इंजिनवर हात ठेवून सांगा, चालू आहे का बंद?" आणि खरंच कळत नाही हो! मग आपण खूश, टोकन देऊन मोकळे. पण होंडाचं पेट्रोल इंजिन तेल वेळेवर बदललं तर दीड-दोन लाख किलोमीटरलाही असंच गप्प चालतं, शेजारच्याचं पण तसंच चालतं, त्यात या गाडीवाल्याचं काय कर्तृत्व? म्हणजे ज्या गोष्टीवरून या गाडीचे हाल सगळ्यात कमी कळतात तीच तो सगळ्यात आधी दाखवतो. आपण उलटीकडून सुरू करायचं, आधी खालून, मग आतून, मग कागद, आणि इंजिन शेवटी.

इंजिन एवढं चांगलं का, हे थोडं सांगतो, कारण गाडीच्या तक्रारी पण तिथूनच निघतात. सोइचिरो होंडा हा हामामात्सुजवळच्या एका लोहाराचा पोरगा, जन्म १९०६ चा. तोक्योच्या गॅरेजात काम शिकला, मग पिस्टन रिंगचा कारखाना काढला, महायुद्धानंतर तो टोयोटाला विकला आणि १९४६ पासून लष्कराच्या वायरलेस सेटच्या जनरेटरची उरलेली छोटी इंजिनं सायकलींना बसवून विकायला लागला. १९४८ ला होंडा मोटर कंपनी झाली, पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आला आणि पैसा-विक्री त्याने सांभाळली, हा मोकळा इंजिनात डोकं घालायला. साठच्या दशकात जपान सरकारला वाटत होतं की कार बनवणाऱ्या कंपन्या आहेत तेवढ्या पुरे, नवीन नकोत. याने ऐकलं नाही, १९६३ ला टी३६० नावाचा छोटा ट्रक आणि एस५०० ही दोन सिटांची गाडी काढली, लगेच पुढच्या वर्षी थेट फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि १९६५ ला मेक्सिकोत पहिली रेस जिंकली पण. कार बनवायला लागून जेमतेम दोन वर्षं!

मला स्वतःला रेसपेक्षा सीव्हीसीसी या इंजिनाचा किस्सा जास्त आवडतो. अमेरिकेने १९७० मध्ये धुराचा कडक कायदा केला, तिथल्या मोठ्या कंपन्या म्हणाल्या एवढ्या लवकर जमणार नाही. होंडाच्या पोरांनी मुख्य चेंबरला लागून एक छोटं चेंबर केलं, त्यात पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण पेटवायचं आणि त्या ज्वाळेने मुख्य चेंबरमधलं कमी पेट्रोलचं मिश्रण जाळायचं, सगळं नीट जळतं, धूर कमी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा डबा) न लावता होंडाच्या सिव्हिक गाडीने तो नियम पाळून दाखवला. गंमत म्हणजे खुद्द सोइचिरो तेव्हा एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर अडून बसले होते, तरुण इंजिनिअर त्यांच्याशी भांडले, शेवटी म्हातारबुवांनी माघार घेतली आणि १९७३ ला ते आणि फुजिसावा दोघं एकदमच निवृत्त झाले. मग १९८९ मध्ये व्हीटेक, म्हणजे कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) व्हॉल्व्ह एका पद्धतीने उघडणार आणि जास्त आरपीएमला दुसऱ्या. सिटीवाले "वर गेली की खेचते" म्हणतात ते हेच.

आपल्याकडे होंडा हे नाव कारच्या बरंच आधी पोचलं. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर आठवते ना, बटण दाबलं की स्टार्ट आणि गिअर बदलायची कटकटच नाही! कार मात्र १९९८ ला आली, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून, आणि तीच पहिली सिटी.

आता कुठली सिटी बघायची ते. १९९८ ते २००३ ची पहिली, ती आता शौकीन लोकांसाठी, व्हीटेकवाली तर विशेष, पण तिला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) आहे, कधी बदललाय याचा पुरावा नसेल तर घेतल्या घेतल्या बदला, बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकू शकतात. २००३ ची आयडीएसआय (हे इंजिनाचं नाव) आणि २००५ पासूनची झेडएक्स, ताकद जेमतेम ७७ बीएचपी, रेसवाल्या होंडाचे फॅन तेव्हा जाम चिडले होते, पण घरगुती वापरवाले आजही अॅव्हरेजसाठी तिची आठवण काढतात. हिला एका सिलेंडरला दोन असे आठ स्पार्क प्लग आहेत, मागचे चार सहज हाताला लागत नाहीत म्हणून बरेच मिस्त्री फक्त पुढचे बदलतात, हे विचारून घ्या. या पिढीतलीच १५०० ची व्हीटेक मिळाली तर चांगलीच. मग २००८ ची आयव्हीटेक, ताकद साधारण ११८ पीएस (बीएचपीसारखंच माप), माझ्या मते पैसे वसूल म्हणाल तर हीच. २०१४ च्या पिढीत डिझेल आलं, अॅव्हरेज जबरदस्त पण केबिनमध्ये आवाज येतो आणि ही तक्रार जवळपास प्रत्येक डिझेलवाला करतो. २०२० ची बजेटमध्ये बसत असेल तर हा लेख वाचायची तुम्हाला फारशी गरज नाही.

मालकांना काय वाटतं हे विचाराल तर कौतुक आणि शिव्या एकाच जागेवरून येतात. होंडाचं जुनं तत्त्व आहे, माणसाला जागा जास्तीत जास्त, मशिनला कमीत कमी. म्हणून मागे पाय पसरून बसता येतं, डिक्कीत अख्ख्या घराचं सामान मावतं, गाडी हलकी म्हणून पळते आणि पेट्रोल कमी पिते. आणि म्हणूनच खाली बसकी आहे, चार-पाच माणसं भरली की स्पीडब्रेकरला पोट घासतं (नवीन सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी आहे, तो पण रिकाम्या गाडीचा), दार लावताना जर्मन गाड्यांसारखा धप्प आवाज येत नाही, आणि मग "पत्रा पातळ" हे वाक्य येतंच. पत्र्यावर बोट वाजवून सेफ्टी कळत नाही बाकी, ग्लोबल एनकॅप या गाड्या ठोकून सेफ्टी तपासणाऱ्या संस्थेच्या टेस्टमध्ये २०१४ च्या पिढीच्या सिटीला चार स्टार मिळालेत. दुसरी शिवी पार्टच्या किमतीवरून, ती बऱ्यापैकी खरी आहे, तरी सिटीचं सामान मिळतं तरी, होंडाच्याच सिव्हिक किंवा सीआर-व्हीच्या मोहात पडणाऱ्यांनी आधी हेडलाइटचा भाव काढून यावा.

चला, गाडी बघू. सकाळी लवकर जा आणि फोनवरच सांगा की आम्ही यायच्या आधी स्टार्ट करू नका. थंड इंजिन स्टार्ट करताना मागे एक माणूस उभा करा, निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. मग गाडी रॅम्पवर घ्यायची, नसेल तर जवळच्या व्हील अलाइनमेंटवाल्याकडे न्या, शे-दोनशे रुपये गेले तर जाऊ देत. खालून सायलेन्सर, इंजिनाखालचं कव्हर, दोन्ही बाजूच्या कडा बघा. ओरखडे सगळ्याच सिटींना असतात, दचकू नका, पण कडेचा पत्रा दबलाय, वेल्डिंग केलंय, किंवा इंजिनाचा खालचा तेलाचा चेंबर ठोकलाय असं दिसलं तर सोडून द्या. कोकणातली किंवा मुंबईत समुद्राजवळ उभी राहणारी गाडी असेल तर गंज बघायला टॉर्च लागतोच, चाकाच्या आतली कमान आणि डिक्कीतली स्टेपनीची जागा इथे आधी धरतो.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणं हे सगळ्यात महत्त्वाचं. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ ला सांगली-कोल्हापुरात किती गाड्या बुडाल्या, आणि दरवर्षी कुठे ना कुठे बुडतातच, त्या धुऊन पुसून लांबच्या शहरात विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते का बघा. सीटच्या खालच्या पट्ट्यांना गंज, कार्पेट उचलल्यावर कुबट वास, हेडलाइटच्या आत वाळलेल्या पाण्याचे डाग, यातलं काहीही सापडलं की चहा पिऊन घरी या. परफ्यूम जास्त मारलेला असेल तर जरा जास्तच हुंगा.

ठोकलेली आहे का हे फेंडरच्या आणि बॉनेटच्या बोल्टवरून कळतं, पान्याचे व्रण असतील, रंग उडालेला असेल तर काहीतरी काढलं-बसवलंय. सगळ्या काचांवर वर्षाचा छाप असतो, एखादीच वेगळ्या वर्षाची असेल तर का ते विचारा. मीटर मागे फिरवणं आजही चालतं, त्यामुळे ६० हजार सांगत असेल आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत असेल, स्टेअरिंगची ग्रिप चकाकत असेल तर सर्व्हिसची बिलं मागा.

आणि सीएनजी! हे फार लोक बघत नाहीत. होंडाच्या या इंजिनांना टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) आपोआप अॅडजस्ट होत नाहीत, हाताने गॅप सेट करावा लागतो, आणि बाहेरून किट लावून सीएनजीवर पळवलेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजून तो गॅप कमी कमी होत जातो, मग गाडी सकाळी थरथरते, पिकअप जातो आणि एक दिवस इंजिनाचं हेड उघडायची वेळ येते. विकताना किट काढून टाकतात. डिक्कीचं कार्पेट उचलून सिलेंडरच्या ब्रॅकेटची भोकं शोधा, आरसीवर इंधन काय लिहिलंय ते बघा. मी तरी सीएनजी लागलेली जुनी सिटी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका असंच सांगतो.

टेस्ट ड्राइव्हला म्युझिक बंद, एसी बंद, काच खाली. खराब रस्ता मुद्दाम शोधा आणि दुसऱ्या गिअरवर हळू न्या. पुढून टक-टक येत असेल तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बुश, हे स्वस्तात होतं. तोच आवाज स्टेअरिंगमध्ये हाताला जाणवत असेल तर स्टेअरिंगचा रॅक, तिथे खिसा रिकामा होतो, तेवढे पैसे भावात कमी करून घ्या. सत्तर-ऐंशीला घूं-घूं वाढत गेलं तर व्हील बेअरिंग, पण आधी टायर बघा, घासलेले टायर पण तसेच ओरडतात. उभ्या गाडीत गिअर टाकून ब्रेकवर धरलं आणि डॅशबोर्ड थरथरला तर इंजिन माउंटिंग गेलंय. ऑटोमॅटिकमध्ये पिढीप्रमाणे फरक आहे, झेडएक्सच्या वेळची सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) सुटताना झटके देत असेल तर नकोच, २००८ च्या पिढीत साधा पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स आहे आणि तो बराच टिकाऊ, २०१४ पासून परत सीव्हीटी, तिला ऑइल कंपनीचंच लागतं आणि ते बदलल्याचं बिल हवं. शेवटी एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभी करा, इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढतो का बघा.

आता उघडा बॉनेट. कूलंट हिरवं किंवा निळं स्वच्छ हवं, साधं पाणी भरलेलं असेल तर मालकाने बाकी ठिकाणी पण हात आखडलाय समजा. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा.

कागदांचं थोडक्यात. एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून मालक कितवा, इन्शुरन्स, बँकेचा बोजा बघा, पेंडिंग ई-चलान मालकाला भरायला लावा. लोन संपलं असलं तरी आरसीवर बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. दिल्लीच्या जुन्या गाड्यांवरच्या नियमांच्या धास्तीने तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात, भाव बघून भुरळ पडते, पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला वन टाइम टॅक्स, नवीन एमएच नंबर हे सगळं धरून हिशोब करा आणि मग सांगा स्वस्त पडली का. पंधरा वर्षं झालेली असेल तर पुन्हा पासिंग आणि ग्रीन टॅक्स आलाच. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला द्या, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) त्याच्याबरोबर जातो, तो आपल्याला मिळत नाही.

एक गोष्ट फुकट होते आणि तरी कोणी करत नाही. होंडाच्या भारतातल्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे कंपनीने दुरुस्तीला गाडी परत बोलावलीय का, ते तपासता येतं. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा घोळ जगभर झाला, फुगताना धातूचे तुकडे उडायचे, त्यात आपल्याकडच्या सिटी पण होत्या. २०२४ मध्ये फ्युएल पंपासाठी जवळपास ९० हजार जुन्या गाड्या परत बोलावल्या. काम बाकी असेल तर कंपनी मोफत करून देते, मालक कितवा याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

गाडी घरी आली की सीट कव्हर आणि टेपच्या आधी एवढं करा: तेल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल नवीन, पेट्रोलचे रबरी पाइप कडक झालेत का बघा, आणि टॅपेटचा गॅप सेट करून घ्या. हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करतात, त्यामुळे गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला नेऊन ठेवा, आणि गरम इंजिनवर "होतंय हो साहेब" म्हणणारा मिस्त्री भेटला तर गॅरेज बदला.