सीएनसी मशीनचा ओईई शिफ्टनंतर कसा काढावा
ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस) म्हणजे मशीनचा वेळ चांगला माल काढण्यात किती टक्के लागला याचं माप: उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवण-चहाची ३० मिनिटं वजा करा, उरली ४५०. सेटिंग, टूल बदलणं, माल नसणं यांत मशीन ६० मिनिटं बंद राहिलं, तर चालू वेळ ३९०. उपलब्धता ३९० भागिले ४५०, म्हणजे ८६.७ टक्के.

एका जॉबचा (नगाचा) आदर्श सायकल टाइम, म्हणजे तो काढायला लागणारा कमीत कमी वेळ, ३ मिनिटं आणि निघाले ११७ जॉब, तर ३५१ भागिले ३९०: वेग ९० टक्के. त्यातले १११ पहिल्याच तपासणीत पास, म्हणून गुणवत्ता ९४.९. तिन्हींचा गुणाकार ७४ टक्के. पडताळा सोपा आहे: १११ गुणिले ३, भागिले ४५०. उत्तर तेच यायला हवं.

घोळ बहुतेक वेळा सायकल टाइममध्ये होतो. मागच्या महिन्याची सरासरी धरली की संथपणा तिच्यातच मुरतो आणि वेग फुगलेला दिसतो. स्टॉपवॉच लावून, लोडिंग-अनलोडिंगसह, प्रत्यक्ष जमलेला सर्वांत कमी वेळ घ्या. वेग १०० च्या वर गेला तर आधी हाच आकडा तपासा.

रिवर्क (पुन्हा दुरुस्ती) करून पास झालेला जॉब चांगल्यांत मोजू नका. सेटिंगचा वेळ ‘नियोजित’ म्हणून वगळूही नका. छोट्या लॉटच्या शॉपमध्ये खरी गळती बहुधा तिथेच असते.