जुन्या एएम४ बोर्डावर गेमिंगसाठी नवा प्रोसेसर
आधी नक्की अडतंय कुठे ते बघा. नेहमीचा गेम लावून रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. दर सेकंदाच्या फ्रेम भरपूर वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. प्रोसेसरवर पैसे घालू नका. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर बदला.

बी४५० या एएम४ बोर्डावर (एएम४ म्हणजे एएमडीचा प्रोसेसर बसतो ते सॉकेट) रायझन ५ २६०० प्रोसेसर असेल तर नवा बोर्ड नि डीडीआर५ रॅम कशाला? त्याच सॉकेटात रायझन ५ ५६०० बसतो: ६ कोर, ६५ वॅट. बजेट असेल आणि मिळत असेल तर ५७००एक्स३डी घ्या. त्याची खरी ताकद ९६ एमबी एल३ कॅशेत, म्हणजे प्रोसेसरमधल्याच झटपट मेमरीत आहे. ५६०० मध्ये ती ३२ एमबी. रॅमकडचे हेलपाटे वाचतात, गेम मध्येच अडखळणं कमी होतं. ५७००एक्स३डीला कूलर मात्र वेगळा घ्यावा लागतो.

जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, नाहीतर नवा बसवल्यावर स्क्रीन काळीच राहील. दहा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर नि कूलरमधली थर्मल पेस्ट गरम होऊ द्या. मग मशीन बंद करा, प्लग काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो, पिना वाकतात. नवा ठेवताना कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा. तो आपल्या वजनानंच खाली बसतो; दाबायचा नाही. पेस्ट वाटाण्याएवढी.