विश्वासात हयगय होऊ नये म्हणून

प्रभूवरील विश्वास एखाद्या दिवशी ठरवून सोडणारे लोक थोडेच असतात. बहुतेकांची प्रार्थना आज राहून जाते, उद्या घाईघाईत उरकली जाते आणि काही महिन्यांनी तिची उणीवही भासेनाशी होते. बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा २रा अध्याय याच धोक्याविषयी सावध करतो: ऐकलेल्या वचनाकडे विशेष लक्ष दिले नाही, तर आपण त्यापासून वाहवत जाऊ.

म्हणून आधी आपली स्थिती प्रामाणिकपणे तपासावी. बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात आळशी माणसाच्या शेताचे वर्णन आहे: सगळीकडे काटेरी झुडपे माजलेली आणि दगडी कुंपण ढासळलेले. हे शेत कोणी शत्रूने उजाड केल्याचे तेथे म्हटलेले नाही. मालक थोडी झोप, थोडी डुलकी घेत राहिला, एवढेच. आपले कुंपण पाहायचे असेल तर स्वतःला विचारावे की बायबलमधील खुणेची फीत कोणत्या पानावर अडकली आहे, कोणासाठी नाव घेऊन शेवटची प्रार्थना केव्हा केली, आणि पूर्वी बोचणारे कोणते पाप आता बोचेनासे झाले आहे. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढावे, कारण मनातल्या मनात आपण ते फार लवकर सौम्य करून टाकतो.

त्यानंतर एक वेळ व एक जागा ठरवावी. वेदीवरील अग्नी विझू नये म्हणून याजकाने, म्हणजे पुरोहिताने, रोज सकाळी त्यावर लाकडे रचावीत, अशी आज्ञा लेवीय ६मध्ये आहे. पुढे ९व्या अध्यायात अग्नी परमेश्वराकडून येतो. तरीही लाकडे रचण्याचे काम याजकाकडून काढून घेतलेले नाही. आपल्या ठरलेल्या वेळेलाही हेच लागू पडते. राजाखेरीज कोणाकडेही प्रार्थना करू नये असा मनाई हुकूम निघाल्यावर दानीएल संदेष्ट्याने दिवसातून तीनदा गुडघे टेकले, ते पूर्वीपासून तसे करीत असल्यामुळेच. संकटाच्या दिवशी त्याला नवी सवय लावून घ्यावी लागली नाही.

वाचनाचे प्रमाण झेपेल असेच ठेवावे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस रोज एक अध्याय वाचला तरी वर्षात तो पूर्ण होतो आणि उरलेले दोन दिवस स्तोत्रांसाठी मिळतात. खंड पडला तर मागची थकबाकी भरून काढण्याच्या नादी लागू नये. मी स्वतः हे अनेकदा केले आहे: राहिलेले वीस अध्याय एका बैठकीत संपवायला बसलो, नजर ओळींवरून फिरत राहिली, एकही वचन मनात उतरले नाही आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडावेसेच वाटले नाही. आजच्या अध्यायापासून सुरुवात करावी, हेच बरे.

एकट्याने हे फार काळ टिकत नाही. इब्री ३:१३ मध्ये एकमेकांना प्रतिदिवशी बोध करण्यास सांगितले आहे, आणि त्यासाठी केवळ रविवारच्या उपासनेतील हजेरी पुरत नाही. आपल्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, एका विश्वासू व्यक्तीला, जी आपली स्तुती करण्यापेक्षा आपल्याला खरे सांगेल अशा व्यक्तीला, दर आठवड्याला विचारपूस करण्याचा अधिकार द्यावा.

सेवेत गुंतलेल्यांनी अधिक जपावे. प्रकटीकरण २मध्ये इफिस येथील मंडळीच्या श्रमांची आणि धीराची प्रभू प्रशंसा करतो, तरीही तिने आपली पहिली प्रीती सोडली आहे, असे तो तिला सांगतो. तिला दिलेला उपाय मात्र सुस्पष्ट आहे: कोठून पडलीस ते आठव, पश्चात्ताप कर आणि पहिली कामे कर. पूर्वीची भावना परत येईपर्यंत थांब, असे तेथे म्हटलेले नाही. म्हणून विश्वासाच्या आरंभीच्या दिवसांत आपण काय करीत होतो, पहाटे उठत होतो की कोणाला क्षमा मागायला गेलो होतो, ते आठवावे, पापाची कबुली द्यावी आणि त्यांपैकी एक काम त्याच दिवशी पुन्हा हाती घ्यावे.